दाखले दोन राज्यांचे, प्रवेश एकच

सेकंड पीयूसीचा निकाल लागला की जांबोटी भागातल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो. पोराला बेळगावला घालायचं की कोल्हापूरला? पोरीला खानापूरलाच ठेवायची की हॉस्टेल बघायचं? गोव्याला कामाला असलेला काका फोनवरून सांगतो, "शिकवा, पैशाचं बघू." पण हे 'बघू' नेमकं कधी आणि कुठे बघायचं, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नसतं. कॉलेजच्या ऑफिसबाहेर उभे असलेले आईवडील आम्हा प्राध्यापकांना हाच प्रश्न विचारतात. २०२४ पासून कर्नाटकात पीयूसीची परीक्षा वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होते. पहिल्या खेपेला राहिलेल्या मुलाचं वर्ष वाया जाईलच असं आता नाही. त्यामुळे विचारणारे जूनपर्यंत येतच राहतात.

आपल्या भागाचं वैशिष्ट्य असं की इथल्या मुलाला दोन दारं दिसतात. एक दार इकडचं. बेळगावात लिंगराज कॉलेज १९३३ मध्ये निघालं. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, पुढे आपली कॉलेजं बरीच वर्षं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती आणि २०१० पासून बेळगावचंच राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. दुसरं दार कोल्हापूरचं. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं तेव्हापासून आपल्याकडची मुलं तिकडे जात आली आहेत. आत्याचं घर तिकडे, मामाचं घर इकडे, म्हणून राहण्याची सोयही होते.

अडचण पुढे आहे. प्रवेश सीमा ओलांडतो, पण सवलतीचा पैसा सहसा ओलांडत नाही. कर्नाटक सरकारची शिष्यवृत्ती कर्नाटकातल्या रहिवाशाला, आणि बहुतेक वेळा कर्नाटकातल्याच कॉलेजात शिकणाऱ्याला मिळते. महाराष्ट्राच्या योजना महाराष्ट्राचा अधिवास मागतात. मधल्या मधे अडकतं ते आपलं मूल. जातीच्या दाखल्याचंही तसंच. मराठा समाज कर्नाटकात ३ब प्रवर्गात आहे, महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्याने त्याला वेगळ्या प्रवर्गात आरक्षण मिळालं. पण इकडचा ३ब चा दाखला तिकडे चालत नाही. "आमची जात एकच की ओ सर, नदी ओलांडली म्हणून बदलते काय?" असं एका पालकांनी मला विचारलं होतं. जात बदलत नाही, पण आरक्षण राज्याच्या यादीवर चालतं.

तरी सीमाभागासाठी म्हणून एक वाट आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचा वेगळा प्रकार धरलेला आहे. दहावी किंवा बारावी या भागातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजातून झालेली हवी आणि मातृभाषा मराठी हवी. त्यासाठी ठरावीक नमुन्यातले दाखले लागतात. महाराष्ट्राच्या यादीत सीमाभागातली ८६५ गावं आहेत. आपल्या गावाचं नाव तिथे कोणत्या स्पेलिंगने छापलं आहे, ते अर्ज भरण्याआधी पाहून ठेवावं. आणि ही वाट घ्यायची तर महाराष्ट्राची सीईटीही द्यावी लागते. कर्नाटकच्या सीईटीचे गुण तिकडे उपयोगाचे नाहीत.

याचीच दुसरी बाजू आपल्या कानडी घरांना सांगायला हवी. कर्नाटकच्या सीईटीतही गडिनाडू कन्नडिगांसाठी तरतूद आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज या महाराष्ट्रातल्या तालुक्यांत राहणारी, कन्नड मातृभाषेची मुलं इकडच्या जागांसाठी पात्र ठरू शकतात. आपल्याकडे अर्धी सोयरीक त्या बाजूला असते. जतच्या भाच्याला हे कुणी सांगितलं आहे का, एकदा विचारून पाहा. दोन्ही सरकारं एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभी असली तरी एकमेकांच्या पोरांसाठी दारात फट ठेवून आहेत, याची मला मोठी गंमत वाटते.

आता इकडच्या सीईटीतला एक मुद्दा. ग्रामीण भागात पहिली ते दहावी अशी दहा वर्षं शिकलेल्या मुलांना पंधरा टक्के जागा राखीव असतात, आणि ती दहाही वर्षं कन्नड माध्यमात शिकलेल्यांना पाच टक्के. जांबोटी, कणकुंबी भागातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला कन्नड माध्यमाची सवलत मिळत नाही, पण ग्रामीण सवलत पूर्ण मिळते. मात्र पुष्कळ पालक सातवीनंतर मुलाला बेळगावच्या किंवा खानापूरच्या हायस्कुलात टाकतात. नगरपंचायतीची हद्द या नियमात ग्रामीण धरत नाहीत. म्हणजे दहापैकी तीन वर्षं खानापूर शहरात गेली की पंधरा टक्क्यांची वाट बंद झाली. चांगल्या शाळेसाठी हलवायचं असेल तर खुशाल हलवावं, पण आपण काय देऊन काय घेतो आहोत ते माहीत असावं. सीईटीचा अर्ज जानेवारीच्या सुमारास सुरू होतो, आणि ही सवलत मागायची ती त्या अर्जातच. निकालानंतर "सर, ते रूरल लिहायचं राहिलं" म्हणून येणाऱ्याला मी फक्त चहा पाजू शकतो.

साध्या पदवीसाठी, म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी, सीईटी नाही. कर्नाटकात २०२१ पासून विद्यापीठ आणि कॉलेजांची मिळून एकच ऑनलाइन नोंदणी आहे. चार वर्षांच्या पदवीचा प्रयोग झाला, आणि २०२४-२५ पासून आपण पुन्हा तीन वर्षांवर आलो. घरचं गणित मांडताना हे एक वर्ष मोठं आहे.

माझ्या अनुभवात अर्ज अडतो तो गुणांपेक्षा नावावर. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी आणि आडनावाचं नुसतं एक अक्षर. त्यात आपली नावं मराठीतून कानडीत आणि कानडीतून इंग्रजीत जातात. मराठी माणूस 'सविता' लिहिताना 'त'साठी 'टी' एवढंच लिहितो. कानडी लिहिणारा कारकून त्याच 'त'ला 'टीएच' लावतो, कारण कानडीत नुसता 'टी' म्हणजे 'ट'. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण संगणकाला सविता दोन दिसतात. मारुतीचं तेच, ज्योतीचं तेच, भारतीचंही तेच. वडिलांचं नाव शाळेत जोतिबा, रेशनकार्डावर ज्योतिबा आणि बँकेत नुसतं जोती. एका मुलीची शिष्यवृत्ती 'टीएच'च्या 'एच'साठी एक वर्ष अडली होती. पैसे मिळाले, पण तोवर तिच्या वडिलांनी म्हैस विकून फी भरली होती.

म्हणून दहावीचं मार्ककार्ड हे मूळ धरावं. त्यावर जे नाव, तेच आधारवर, तेच बँकेत, तेच उत्पन्नाच्या दाखल्यावर. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या पीयूसीच्या सुट्टीतच हे काम उरकलेलं बरं. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून निघतो आणि त्यावर 'आरडी' ने सुरू होणारा क्रमांक असतो. राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर तोच क्रमांक घालायचा असतो. दाखल्याची झेरॉक्स काढून फाइलमध्ये ठेवली आणि क्रमांकाची घडी नेमकी पुसट झाली, असंही होतं. तो एका वहीत लिहून ठेवावा.

बँकेचंही एक सांगतो. शिष्यवृत्तीचा पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यावर येतो असं आपण समजतो. खरं तर तो आधारशी जोडलेल्या खात्यावर येतो, आणि तेही सगळ्यात शेवटी जोडलेल्या. मुलाने मध्येच मोबाईलवर नवं खातं उघडून आधार दिलं असेल तर पैसा तिकडे जाऊन बसतो आणि घरचे जुन्या पासबुकावर शिक्के मारत राहतात. खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं हवं. आईचं चालत नाही.

आता प्रत्यक्ष पैसा. राज्याच्या पोर्टलवर मागासवर्ग, समाजकल्याण आणि अल्पसंख्याक खात्यांच्या शिष्यवृत्त्या एकत्र आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांसाठी विद्यासिरी नावाची योजना आहे. तिच्यात महिना दीड हजार रुपयांप्रमाणे दहा महिने, म्हणजे वर्षाला पंधरा हजार मिळतात. बेळगावात खोली घेऊन राहणाऱ्याला त्यात भाडं भागत नाही, पण खाणावळीला हातभार लागतो. सरकारी शाळेतून दहावी आणि सरकारी कॉलेजातून बारावी झालेल्या मुलींसाठी अझीम प्रेमजी फाउंडेशन वर्षाला तीस हजार रुपये देतं. इथे आपल्या मुलींची पंचाईत होते. आपल्याकडे प्राथमिक शाळा सरकारी मराठी, पण पुढची हायस्कुलं बरीचशी संस्थांची, अनुदानित. ती 'सरकारी' धरत नाहीत.

सीमेचं बंधन नसलेला पैसा थोडा आहे, पण आहे. केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती कुठल्याही राज्यात शिकलं तरी चालते. बोर्डाच्या बारावीच्या निकालात वरच्या वीस टक्क्यांत येणारा आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असणारा विद्यार्थी अर्ज करू शकतो. निवड झाली तर पदवीला वर्षाला बारा हजार आणि पदव्युत्तरला वीस हजार मिळतात. दुसरा सीमा न बघणारा पैसा कर्जाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या निवडक वरच्या दर्जाच्या संस्थांत प्रवेश मिळाला तर जामीन आणि तारण न देता कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट. यात महत्त्वाचा शब्द 'निवडक' हा आहे. कॉलेज यादीत आहे की नाही, ते डोनेशन भरल्यावर नाही, आधी बघायचं. कर्जाच्या नावाने आपल्याकडे आया घाबरतात. मुलीच्या नावावर कर्ज असलं तर स्थळं येणार नाहीत, असं मला एका बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यांची भीती खोटी आहे असं म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांचा प्रवास मोफत झाला. जांबोटीहून बेळगाव तीसेक किलोमीटर, रोजचं जाणं-येणं. पूर्वी बसपासाच्या रकमेवर मुलीचं कॉलेज थांबायचं. आता ते निमित्त गेलं. हा फुकट प्रवास राज्याच्या हद्दीपुरताच आहे, म्हणजे इथेही कोल्हापूर दूर झालं आणि बेळगाव जवळ आलं.

दूरच्या एका देशाचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. दक्षिण आफ्रिकेत गरीब घरच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक साहाय्य योजना आहे. आधी ती कर्जाची होती. २०१५ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी फीवाढीविरुद्ध मोठं आंदोलन केलं, आणि २०१८ पासून वार्षिक साडेतीन लाख रँडपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या नव्या विद्यार्थ्यांना कर्जाऐवजी अनुदान मिळू लागलं. फी, राहणं, पुस्तकं सगळं त्यात. आपले गुजराती, तमिळ लोक मोठ्या संख्येने राहतात त्या दरबानच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात सगळ्या सरकारी विद्यापीठांना मिळून एकच अर्ज करायचा असतो. मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. तिथे मदतीचा अर्ज मूल शेवटच्या इयत्तेत असतानाच भरतात, प्रवेशाआधी. आपल्याकडे उलटं. आधी प्रवेश घ्या, फी भरा, मग शिष्यवृत्तीचा अर्ज करा आणि मिळते का पाहा. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्यालाच नंतर परत मिळतात. पैसे उशिरा येण्याची तक्रार मात्र तिथेही आहे. घरमालक भाड्यासाठी दारात उभा, हे तिकडच्या मुलांनाही चुकलेलं नाही.

आपल्याकडेही सरकारच्या आधी हे ओझं माणसांनी उचललं होतं. शिरसंगीचे देसाई लिंगराज यांनी आपली इस्टेट समाजातल्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. त्यांचंच नाव बेळगावच्या कॉलेजला आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. शिवाजी विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आजही चालते आणि तिला अधिवासाचा प्रश्न फारसा पडत नाही, काम करायची तयारी लागते. कोल्हापूरला जाणाऱ्या मुलाने प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थी विभागात दोन गोष्टी विचाराव्यात: या सीमाभागाच्या जागेबरोबर फीची सवलत आहे की नुसती जागा आहे, आणि 'कमवा व शिका'चा अर्ज कधी निघतो. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

शेवटचा मुद्दा दुसऱ्या वर्षाचा. केंद्राची शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे तीन वर्षं आपोआप येत नाही. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी किमान पन्नास टक्के गुण आणि पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. गुणांचं मुलं सांभाळतात. हजेरीत मार बसतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. कणकुंबीकडे पावसाने जोर धरला की झाडं पडतात, बस येत नाही, नेटवर्क जातं, आणि घरात रोपलागणीला हात कमी पडतात. अशा वेळी कॉलेजला निदान फोन करावा, वर्गशिक्षकांना सांगावं. आणि नूतनीकरणाची तारीख नाडकचेरीचा क्रमांक लिहिलेल्या त्याच वहीत लिहावी. "परत फॉर्म? गेल्या वर्षी भरला होता की!" असं दर वर्षी एखादी आई विचारतेच. होय मावशी, परत.