भिजलेला मोबाईल आणि दुकानाचा हिशेब

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यावरची दुकाने मालासकट बुडाली. पुरात भिजलेली हिशेबाची वही उन्हात वाळवली तर निम्मी अक्षरे तरी लागतात. पण आज बऱ्याच दुकानदारांचा हिशेब वहीत नसतो, मोबाईलमध्ये असतो. कोणाकडे किती उधारी आहे, शिंप्याकडची मापे, कॅटरिंगवाल्याच्या ऑर्डरी, यंत्रमागवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेल्या सुताचे भाव, हे सर्व त्या एका वस्तूत साठवलेले असते. ती वस्तू भिजली की हिशेबही अडकतो.

यासाठी पूरच यावा लागतो असे नाही. मशिदीच्या हौदावर वुजूसाठी वाकताना वरच्या खिशातला मोबाईल सटकतो. मासळीच्या टोपलीतील बर्फाचे पाणी त्यावर ओघळते. मोटारसायकलवरून माल पोचवताना सर येते आणि खिसा भिजतो. गल्ल्याजवळ ठेवलेला चहा कलंडतो. अशा वेळी बहुतेक माणसे घाबरून जे करतात, त्यानेच अधिक नुकसान होते. म्हणून पाण्यामुळे मोबाईलच्या आत नेमके काय होते, हे दुकानदाराने आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरानेही समजून घेणे आवश्यक आहे.

पाण्याने काय बिघडते?

मोबाईलच्या मुख्य बोर्डावर तांब्याच्या केसासारख्या बारीक रेषा असतात. शुद्ध पाणी त्यांना लगेच फारसा धक्का लावत नाही. मात्र नळाच्या, विहिरीच्या किंवा पुराच्या पाण्यात क्षार असतात आणि क्षारांमुळे त्या पाण्यातून वीज वाहते. बॅटरी जोडलेली असताना ओल्या बोर्डावर तांबे एका टोकाकडून विरघळते आणि दुसऱ्या टोकाकडे साचते. काही रेषा तुटतात, तर काही नको तिथे जोडल्या जातात. यालाच कारागीर शॉर्ट झाला असे म्हणतात. नंतर दिसणारा हिरवा-पांढरा थर हा या क्रियेचाच असतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. ओल्या मोबाईलमधून जितकी जास्त वीज जाईल तितके नुकसान लवकर होते. आणि पाणी सुकले तरी क्षार मागे राहतात व हवेतल्या ओलीने पुन्हा काम सुरू करतात. म्हणूनच भिजल्यावर दोन दिवसांनी चालू झालेला मोबाईल महिन्याभराने अचानक बंद पडतो. खाडीचे खारे पाणी सर्वांत वाईट. साखरेचा चहा चिकट थर सोडून जातो.

पहिला अर्धा तास

मोबाईल पाण्यातून काढताच तो बंद करावा. पडदा चालत असेल तर पडद्यावरूनच बंद करावा. पडदा बंद पडला असेल तर चालू होतो का हे पाहण्यासाठी बटणे दाबत बसू नये. अनेक फोनमध्ये बटण दाबून धरले की फोन बंद होण्याऐवजी पुन्हा सुरू होतो.

चार्जर अजिबात लावू नये. भिजलेले सर्वाधिक मोबाईल याच चुकीने मरतात, असे कोणताही जुना कारागीर सांगेल. दुकानात फोन चार्जिंगला लावलेला असतानाच पाणी आले तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि मगच फोनला हात लावावा.

त्यानंतर कव्हर काढावे, सिमची पट्टी बाहेर काढावी, सुती कपड्याने पुसावे. चार्जिंगचे छिद्र खाली करून तळहातावर हळूच ठोकावे आणि फोन पंख्याखाली ठेवावा. जोरात झटकू नये, त्याने पाणी आणखी आत जाते. तोंडाने फुंकू नये. हेअर ड्रायर, तवा, गॅसची शेगडी किंवा कडक ऊन यांचा उपयोग करू नये. उष्णतेने बॅटरी फुगते आणि पडद्याचा गोंद सुटतो.

बॅटरी फुगलेली दिसली, फोन आपोआप गरम होऊ लागला किंवा उग्र वास आला तर तो घरात ठेवू नये. बाहेर मोकळ्या फरशीवर किंवा वाळूवर ठेवावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

तांदळाचा डबा

भिजलेला मोबाईल तांदळात ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे. पण बोर्डावरच्या पत्र्याच्या झाकणांखाली अडकलेले पाणी तांदूळ ओढून घेत नाही, आणि क्षार तर मुळीच नाही. उलट तांदळाची भुकटी चार्जिंगच्या छिद्रात जाते. अ‍ॅपल कंपनीनेही ग्राहकांसाठीच्या सूचनेत फोन तांदळात ठेवू नका, असे स्पष्ट लिहिले आहे. खरे नुकसान वेळेचे होते. तांदळात घालवलेल्या दोन दिवसांत आत गंज चढत राहतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळी हवेत तर बंद फोनच्या आतील ओल लवकर सुकतच नाही. फोन पूर्ण बुडाला असेल तर तो त्याच दिवशी कारागिराकडे नेणे, हाच योग्य मार्ग होय.

काही फोनवर आयपी ६७ किंवा आयपी ६८ असे लिहिलेले असते. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणे. आयपी ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते. पण ही चाचणी नव्या फोनवर, गोड्या व स्थिर पाण्यात घेतलेली असते. एकदा पडलेला, एकदा उघडलेला किंवा जुना झालेला फोन तसा राहत नाही. शिवाय पाण्याने झालेला बिघाड सर्वसाधारण वॉरंटीत बसत नाही. अशा फोनवर चार्जिंगच्या छिद्रात ओल असल्याची सूचना आली तर ती जाईपर्यंत वायरने चार्जिंग करू नये, मग त्याला एक दिवस का लागेना.

धंदा आधी चालू करा

फोन दुरुस्तीला गेला म्हणून दुकान बंद ठेवण्याची गरज नाही. यूपीआयचे पैसे फोनमध्ये नसतात, बँकेत असतात. दुकानात लावलेल्या क्यूआर कोडवर ग्राहकाने दिलेली रक्कम फोन बंद असतानाही खात्यात जमा होते. रक्कम बोलून दाखवणाऱ्या डब्याला स्वतःचे सिम असेल तर तोही चालू राहतो. तो नसेल तर रक्कम आल्याची खात्री बँकेतून किंवा दुसऱ्या फोनवरून करून घ्यावी, नुसता ग्राहकाचा पडदा पाहून माल देऊ नये.

सिम पुसून, सुकवून दुसऱ्या साध्या किंवा जुन्या फोनमध्ये घालावे. त्याच नंबरवरून एसएमएस जात असल्यामुळे यूपीआयची नोंदणी नव्या फोनवर पुन्हा करता येते. नव्या फोनवर सुरुवातीला पैसे पाठवण्याची मर्यादा कमी असते, म्हणून मोठी देणी त्या दिवशी अडू शकतात. व्यापाऱ्याला तसे आधीच कळवून ठेवावे.

कारागिराच्या टेबलावर

ही कामे करणारे आपले अनेक तरुण आहेत. त्यांनी हे काम घाईने करू नये. मागचे झाकण बेताच्या उष्णतेवर उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढावी. फोन बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. मग बोर्ड बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. सिमच्या खाचेत किंवा आत असलेली पांढरी खूणपट्टी लाल झाली असेल तर पाणी तिथपर्यंत पोचले होते.

खाऱ्या किंवा पुराच्या पाण्यातला बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवावा, कारण आयपीएमध्ये क्षार नीट विरघळत नाहीत. त्यानंतर ९९ टक्के आयपीए आणि मऊ ब्रशने साफ करावा. पत्र्याच्या झाकणांखाली पाणी गेले असेल तर ती काढणे भाग आहे. अल्ट्रासॉनिक मशीन वापरताना कॅमेरा, माईक, स्पीकर, पडदा आणि बॅटरी त्यात घालू नयेत. त्या मशीनमध्ये आयपीए ओतून ते गरम करू नये. आयपीए पेट घेतो, आणि लहान दुकानात हॉट एअर गन व आयपीएची उघडी बाटली शेजारी ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

बोर्ड पूर्ण सुकल्यावर डीसी पॉवर सप्लायवर लावून पाहावा. पॉवर बटण दाबण्याआधीच करंट जात असेल तर बॅटरीच्या मुख्य लाईनवर शॉर्ट आहे. बोर्डावर रोझिनचा धूर देऊन कमी व्होल्टेज सोडले की जिथे रोझिन वितळते तो भाग गरम होत आहे, असे कळते. बहुधा एखादा छोटा कॅपॅसिटर निघतो. चार्जिंगची पट्टी आणि बॅटरी हे भाग बहुतेक वेळा बदलावे लागतात. बोर्ड चालू झाला की इतर काही करण्याआधी ग्राहकाचा डेटा बाहेर काढावा.

पूर्वी मेमरीची चिप काढून डेटा वाचता येत असे. आता ते होत नाही. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉईड १० पासून नव्या फोनमधील साठवण सांकेतिक रूपात ठेवणे बंधनकारक झाले. आयफोनमध्ये ही व्यवस्था त्याआधीपासूनच आहे. ती उघडण्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये असते. म्हणजे डेटा हवा असेल तर तोच बोर्ड जिवंत करावा लागतो. ‘बोर्ड बदलून देतो, डेटाही मिळेल’ असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणि अनाडी हाताने प्रोसेसरवर गरम हवा मारली तर उरलेली आशाही संपते.

व्यवहार स्वच्छ असावा

पाण्यात पडलेल्या फोनची कोणीही पक्की हमी देऊ शकत नाही. चिपखाली राहिलेला क्षार महिन्यांनीही त्रास देतो. हे कारागिराने फोन उघडण्यापूर्वी सांगावे आणि पावतीवर लिहावे. उघडून साफ करण्याची मजुरी किती, भाग बदलले तर वेगळे किती आणि फोन चालू न झाल्यास काय घेणार, हे आधीच ठरले की भांडण होत नाही. काढलेले जुने भाग ग्राहकाला परत दाखवावेत. फोनमधील घरचे फोटो व संदेश ही ग्राहकाची अमानत आहे, ती उघडून पाहू नये.

ग्राहकानेही खरे सांगावे. फोन खाडीत पडला की गोड्या पाण्यात, त्यानंतर चार्जर लावला होता का, हे लपवल्याने आपलेच नुकसान होते.

जुन्या मोबाईलचा धंदा करणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. पाण्यातला फोन साफ करून चांगला म्हणून विकू नये. दोष सांगून कमी भावाने विकला तर घेणाराही समजून घेतो. एक फसलेला ग्राहक सगळ्या गल्लीचे नाव खराब करतो. विकत घेणाऱ्यांनी सिमची पट्टी काढून आतली खूणपट्टी लाल आहे का, एवढे तरी पाहून घ्यावे.

पावसाच्या आधी

ही सारी धावपळ टाळण्याची तयारी अर्ध्या तासाची आहे. सर्व नंबर सिमवर किंवा फोनवर न ठेवता ई-मेल खात्यात साठवावेत. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप चालू करून तो रोज होतो का ते तपासावे. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, हिशेबाला ती पुरेशी आहे. उधारीची यादी दर आठवड्याला एका वहीत उतरवावी आणि ती वही दुकानात न ठेवता घरी उंचावर ठेवावी. पावसात बाहेर पडताना मोबाईल चांगल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा. वुजूला बसताना तो वरच्या खिशातून काढून बाजूला ठेवावा.

मोबाईल पुन्हा घेता येतो. पण दोनशे गिऱ्हाइकांची उधारी केवळ आठवणीवर कोणीही वसूल करू शकत नाही. तेव्हा आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी बॅकअप शेवटचा कधी झाला, तेवढे एकदा पाहून घ्यावे.