एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच: रिक अँकीलचं नेमकं काय झालं?

३ ऑक्टोबर २०००. सेंट लुईसचं बुश स्टेडियम, प्लेऑफचा पहिला सामना, कार्डिनल्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्ज. कार्डिनल्सनी पहिल्याच इनिंगमध्ये ६ रन काढलेत, त्याही ग्रेग मॅडक्ससारख्या पिचरला ठोकून. त्यांचा स्वतःचा पिचर आहे रिक अँकील. वय २१, डावखुरा. त्या सीझनमध्ये १७५ इनिंगमध्ये १९४ स्ट्राइकआउट. पुढची पंधरा वर्षं हा पोरगा लीग गाजवणार, असं सगळे धरून चालले होते.

तिसरी इनिंग. पहिल्या बेसवर मॅडक्स, समोर अँड्रू जोन्स. अँकीलच्या हातून एक बॉल सुटतो आणि कॅचरच्या आवाक्याबाहेरून मागे निघून जातो. मग आणखी एक. मग आणखी. ती इनिंग संपायच्या आत त्याने पाच वाइल्ड पिच टाकले, चार वॉक दिले, चार रन गेले आणि त्याला बाहेर काढावं लागलं. एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच याआधी मेजर लीगमध्ये पडले होते ते १८९० साली.

घरात क्रिकेटच बघत मोठे झालेल्यांसाठी थोडं थांबूया. स्ट्राइक झोनच्या बाहेर चार बॉल पडले आणि बॅटरने त्यांना बॅट लावली नाही, की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. हा वॉक. वाइल्ड पिच त्याहून वाईट. बॉल इतका भरकटलेला की कॅचरलाही अडवता येत नाही, आणि बेसवरचे रनर पुढे पळतात. विकेटकीपरलाही चकवून बाउंड्रीला गेलेला वाइड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे जवळपास पोहोचलात.

आता तुम्ही टीव्हीवर असा एखादा तरुण पिचर बघता, तेव्हा कॉमेंट्री ठरलेली असते. ‘टॅलेंट आहे, पण कंट्रोल नाही. अनुभव आला की येईल.’ किंवा ‘डोक्यात फार विचार चाललेत, जरा रिलॅक्स व्हायला हवं.’ ही दोन वाक्यं एकाच माणसाबद्दल एकाच दमात बोलली जातात, आणि मला ते खटकतं. ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर अपाय होऊ शकतो.

आधी हे काम किती अवघड आहे ते बघू. माउंडपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच. पिचर पुढे झेपावतो, त्यामुळे बॉल हातातून सुटतो तो प्लेटपासून साधारण १७ मीटरवर. प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर. शाळेतली त्रिकोणमिती आठवा: १७ मीटरवर दिशेत एका अंशाची चूक झाली तर बॉल जवळजवळ ३० सेंटिमीटर बाजूला जातो. प्लेटच्या बरोबर मध्ये नेम धरलात तरी एक अंश चुकला की बॉल बाहेर. आणि हे कधी साधायचं, तर हात शरीराच्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी एक करत असताना. बोटांतून बॉल नक्की कधी सुटावा याचा हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागात चालतो. एवढ्या वेळात ‘आता सोडू का?’ असा विचार मेंदूतून बोटांपर्यंत पोहोचूच शकत नाही. सगळं आधीपासून हातात बसलेलं लागतं.

म्हणून पहिला प्रश्न हा, की ते कधी बसलं होतं का?

सँडी कोफॅक्सचं अजून बसलेलं नव्हतं. १९५४ च्या डिसेंबरमध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला घेतलं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्या काळच्या नियमानुसार मोठा बोनस घेतलेल्या खेळाडूला दोन वर्षं मेजर लीगच्या टीममध्येच ठेवावं लागे. मायनर लीगमध्ये जाऊन गुपचूप चुका करण्याची सोय त्याला मिळाली नाही. जे शिकायचं ते मोठ्या स्टेडियममध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पहिल्या सहा सीझनचा हिशेब ३६ जिंकले, ४० हरले. १९६० मध्ये १७५ इनिंगमध्ये १०० वॉक. मग १९६१ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये नॉर्म शेरी या कॅचरने त्याला सुचवलं की प्रत्येक बॉल जीव तोडून टाकू नकोस, जरा हलक्या हाताने टाक. कोफॅक्सने ऐकलं. त्या वर्षी २६९ स्ट्राइकआउट, आणि १९६३ मध्ये ३११ इनिंगमध्ये फक्त ५८ वॉक.

रँडी जॉन्सनचंही तसंच. उंची ६ फूट १० इंच. एवढ्या लांब हातापायांचं शरीर दर बॉलला एकाच तालात आणायचं म्हणजे खायचं काम नाही. १९९० ते १९९२ अशी सलग तीन वर्षं अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त वॉक त्याचेच होते. १९९२ मध्ये नोलन रायन आणि टॉम हाउस यांनी त्याच्यात एक साधी गोष्ट हेरली, की पुढचा पाय टाचेवर पडतोय, तो चवड्यावर पडायला हवा. (ते दोघे तेव्हा टेक्सास रेंजर्सचे, म्हणजे समोरच्या टीमचे. मला ही गोष्ट फार आवडते.) पुढच्या सीझनला वॉक १४४ वरून ९९ वर आले आणि स्ट्राइकआउट २४१ वरून ३०८ वर गेले.

या दोघांना मिळालेल्या सूचना नीट बघा. हलक्या हाताने टाक, पाय असा ठेव. म्हणजे लक्ष स्वतःच्या शरीराकडे द्यायला सांगितलं आणि त्याचा फायदा झाला.

स्टीव्ह ब्लासकडे मात्र सगळं होतं. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा पिचर १९७२ मध्ये १९ सामने जिंकला, ८ हरला. १९७३ मध्ये ८८ इनिंगमध्ये त्याने ८४ वॉक दिले. दुखापत नाही, हातात जोर तेवढाच, फक्त बॉल जायचा तिथे जाईना. दोनेक वर्षांत करिअर संपलं, आणि आजही बेसबॉलमध्ये या प्रकाराला ‘स्टीव्ह ब्लास डिसीज’ म्हणतात. गोल्फवाले यिप्स म्हणतात. इंग्लंडमधल्या वाचकांना २००१ सालची लॉर्ड्सवरची ती फायनल ऐकून माहीत असेल, जिच्यात लेस्टरशरच्या स्कॉट बॉसवेलची एक ओव्हर १४ बॉलची झाली होती.

या फरकावर एक प्रयोग आहे, २००२ सालचा, आणि तो एकदा कळला की डोक्यातून जात नाही. सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या फुटबॉल खेळाडूंना कोनमधून नागमोडी बॉल नेायला लावला. एकदा सांगितलं, पायाकडे लक्ष द्या, आवाज झाला की पायाच्या कुठल्या बाजूने बॉलला स्पर्श केलात ते बोला. दुसऱ्यांदा लक्ष भलतीकडे वळवलं, कानावर पडणाऱ्या शब्दांतला ठरलेला शब्द आला की तो उच्चारायचा. उजव्या, म्हणजे सरावाच्या पायाने खेळताना पायाकडे लक्ष दिल्यावर ते मंदावले. डाव्या पायाने खेळताना उलटं झालं. पायाकडे लक्ष दिल्यावर खेळ सुधारला. माणूस तोच, डोकं तेच, फक्त पाय बदलला.

कोफॅक्सचा हात हा अजून ‘डावा पाय’ होता. अँकीलचा ‘उजवा’. तो हात काय करतोय याकडे अँकील बघायला लागला आणि हात अडखळला. पहिला बॉल का सुटला याला कदाचित काही मोठं कारण नसेलही, बॉल सुटतात. खरा घात केला तो त्यानंतरच्या बॉलने, जो टाकताना तो स्वतःला बघत होता. एखाद्या वेळी जिना उतरताना आपण पायऱ्यांचा विचार करायला लागतो आणि नेमका तेव्हाच पाय चुकतो, तसं. फक्त इथे हजारो लोक बघत होते.

त्या रात्रीच्या आसपासचं बरंच काही बोललं जातं. नेहमीचा कॅचर माइक मथीनी खेळत नव्हता, वाढदिवसाला भेट मिळालेल्या शिकारीच्या चाकूने त्याचा हात कापला होता. मॅनेजर टोनी ला रुसा यांनी अँकीलवर दडपण नको म्हणून आदल्या दिवशी प्रेससमोर दुसऱ्याच पिचरचं नाव पुढे केलं. त्या निर्णयाची खंत त्यांनी नंतर बोलून दाखवली. मला ही सगळी कारणं नंतर शोधलेली वाटतात. असं काहीतरी प्रत्येक सामन्याआधी घडतच असतं.

पुढची हकिगत मात्र नीट ऐकण्यासारखी आहे. २००१ च्या एप्रिलमध्ये अँकीलने सीझनमधली पहिली मॅच टाकली आणि जिंकली. समोर होता रँडी जॉन्सन! वर्षांनंतर त्याने सांगितलं की त्या दिवशी तो व्होडका पिऊन उतरला होता, डोक्यातला तो बघणारा डोळा बंद व्हावा म्हणून. पुढच्या वेळी तोही उपाय चालला नाही. त्याला खाली मेम्फिसला पाठवलं. तिथे जेमतेम साडेचार इनिंगमध्ये १७ वॉक. मग आणखी खाली, जॉन्सन सिटीला, अगदी कोवळ्या पोरांच्या लीगमध्ये. आणि तिथे? ८७ इनिंगमध्ये १५८ स्ट्राइकआउट, वॉक फक्त १८. समोरचे बॅटर कच्चे होते हे खरं, पण स्ट्राइक झोनची मापं तिथेही तीच असतात, आणि मेम्फिसमध्ये त्याचे बॉल बॅटरमुळे चुकत नव्हते.

मग कोपर गेलं, ऑपरेशन झालं. २००४ च्या सप्टेंबरमध्ये तो मेजर लीगमध्ये परतला. १० इनिंग टाकल्या, एकच वॉक दिला. आकड्यांवरून तुम्ही म्हणाल, बरा झाला की! पण २००५ च्या मार्चमध्ये त्याने पिचिंग सोडत असल्याचं जाहीर केलं. प्रत्येक बॉलच्या आधी स्वतःशी जी लढाई करावी लागत होती ती त्याला आता नको होती. हार्वी डॉर्फमन या मानसतज्ज्ञाची त्याला खूप मदत झाली होती, तरीही. वॉकच्या रकान्यात ही लढाई दिसत नाही. कंट्रोल परत आला म्हणजे माणूस सुटला, असं आपण बाहेरून ठरवून टाकतो.

वयाच्या २५ व्या वर्षी तो आउटफिल्डर व्हायला मायनर लीगमध्ये गेला. २००७ च्या ऑगस्टमध्ये कार्डिनल्सकडे परतला तो बॅटर म्हणून, आणि पहिल्याच सामन्यात होम रन मारला. २००८ मध्ये २५ होम रन.

त्याच वर्षी ६ मे रोजी डेन्व्हरला रॉकीजविरुद्धची मॅच. अँकील सेंटर फील्डला. पहिल्या इनिंगमध्ये विली टावेरास ट्रिपलसाठी पळाला. अँकीलने लांबून बॉल उचलून फेकला, तो एकही टप्पा न खाता थेट तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये. टावेरास आउट. आठव्या इनिंगमध्ये ओमार किंतानिया तसाच पळाला आणि पुन्हा तेच झालं. दोन्ही फेकींचा व्हिडिओ सहज सापडतो. बघताना त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा. धावत येऊन उचलायचं आणि फेकायचं, मध्ये थांबून विचार करायला जागाच नाही. माउंडपासून प्लेटचं अंतर त्या फेकींपुढे किरकोळ होतं.