ट्रकखाली शिरण्याआधी

गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च गॅरेजवाल्याने सांगितला की मालकाच्या मनात पहिला विचार येतो, ‘आपणच करून पाहू.’ पाने घरात असतात, मोबाइलवर चित्रफिती असतात, मदतीला क्लीनर किंवा धाकटा भाऊ असतो. एक-दोन ट्रकच्या मालकाची गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. त्यामुळे या खटपटीला नुसती हौस म्हणता येत नाही. मात्र अशा दुरुस्तीतून सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात येणाऱ्या दुखापती ठरावीक असतात आणि त्यांतल्या बहुतेक टाळता येतात.

‘पी’वर विसंबू नका

आपल्याकडचे बरेच ट्रक अजून हाताने गिअर बदलायचे आहेत. पण शहरी बस, खाणीतले डंपर आणि नव्या पिकअप गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिसू लागला आहे. दांडी ‘पी’मध्ये टाकली की गिअरबॉक्सच्या आत एक छोटा लोखंडी खिट्टा दातेरी चाकात अडकतो आणि बाहेर जाणारा शाफ्ट थांबवतो. मागच्या चाकांपर्यंत ही पकड पोहोचते ती प्रोपेलर शाफ्टमधून. गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी तोच शाफ्ट सोडावा लागतो. शेवटचा बोल्ट निघाला की खिट्ट्याचा चाकांशी संबंध संपतो. जमिनीला थोडा उतार असला तरी गाडी चालू लागते आणि त्या वेळी माणूस खाली असतो. मागचे एकच चाक जॅकवर उचलले असेल, तर शाफ्ट जोडलेला असूनही ‘पी’चा भरवसा नाही, कारण उचललेले चाक मोकळे फिरते. काही ट्रकचा हँडब्रेकही याच शाफ्टवर असतो. म्हणून जमीन सपाट हवी आणि टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम ठोकळे हवेत.

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नाही. वायसर फाटला की हायड्रॉलिक जॅक क्षणात बसतो. उचललेली गाडी योग्य क्षमतेच्या लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली जाऊ नये. विटा, फरशा, चाकाची रिम यांवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. शिवाय पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही साधारण पाऊणशे किलोच्या वर भरतो, अवजड वाहनाचा अडीचशे किलोंच्या पुढे जातो. त्याच्या तोंडाशी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर नुसता सरकवून बसवलेला असतो. गिअरबॉक्स कलला की तो घसरून थेट छातीवर किंवा तोंडावर येतो. गिअरबॉक्ससाठी वेगळा जॅक मिळतो, तो भाड्याने आणावा.

छातीवर वजन आले तर

श्वास घेताना बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात आणि श्वासपटल खाली सरकते. छातीवर गाडी बसली की हे दोन्ही थांबते. छातीतले रक्त उलटे मान-चेहऱ्याकडे ढकलले जाते, चेहरा जांभळा पडतो, डोळे लाल होतात. एकही बरगडी मोडलेली नसताना माणूस दगावू शकतो. ओरडायलाही श्वास लागतो, म्हणून तो ओरडत नाही. बाजूच्या खोलीतल्या माणसांना काही कळत नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. त्यामुळे एकट्याने गाडीखाली जाऊ नये, हा नियम सर्वांत मोठा.

कोणी अडकलेच तर पाय धरून ओढू नका, गाडी पुढे-मागे करू नका. दुसऱ्या जॅकने किंवा चार जणांनी मिळून वजन लगेच उचला आणि ठोकळे सरकवा. त्याच वेळी कोणीतरी १०८ला फोन करावा. श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे.

मांडी किंवा पाय बराच वेळ दबला असेल तर धोका वेगळा असतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे काही दिवसांनी मूत्रपिंड निकामी होऊन दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ साली त्याचे वर्णन केले. चिरडलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरते. पहिले हृदयाची लय बिघडवते, दुसरे मूत्रपिंड बंद पाडते. असा रुग्ण सुटका झाल्यावर बोलतो, पाणी मागतो, ‘काही झालं नाही’ म्हणतो. त्याला घरी नेऊ नका. काळ्या चहासारखी लघवी ही धोक्याची खूण आहे, पण ती दिसेपर्यंत थांबू नये. वेळेवर सलाइन मिळाले तर मूत्रपिंड वाचू शकते.

तेलाचे तीन धोके

चालून आलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समधले तेल ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते आणि ते त्वचेला चिकटून राहते. तेल काढायचे तर गाडी आधी निवू द्यावी. भाजलेच तर कपडे, कडे, अंगठी लगेच काढून तो भाग २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत तेलाची पातळी इंजिन चालू ठेवूनच पाहतात. तेव्हा बाही, उपरणे, ओढणी पट्ट्यापासून दूर हवी.

दुसरा धोका वरवर क्षुल्लक दिसतो. ग्रीस गनचे टोक किंवा डिझेलची सूक्ष्म गळती बोटाला लागली, तर तेल सुईसारखे आत घुसते. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. बाहेर टाचणीएवढे छिद्र दिसते, दुखतही फार नाही. आत मात्र तेल स्नायुबंधांच्या कडेने पसरते आणि काही तासांनी बोट सुजून काळे पडू लागते. मलमपट्टी करून झोपणाऱ्याचे बोट जाऊ शकते. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘ग्रीस आत गेलंय’ असे स्पष्ट सांगावे. गळती शोधायची तर हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

तिसरा धोका घरातल्या मुलांना. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला ओळखीसाठी बहुधा लाल रंग दिलेला असतो. उरलेले तेल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवले तर ते हुबेहूब सरबत दिसते. डिझेल, रॉकेल तर त्याहून पातळ, पिताना सहज फुप्फुसात उतरते आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. नळी तोंडाने ओढून डिझेल काढणाऱ्या मोठ्यांनाही तोच होतो. अशा वेळी मीठपाणी पाजून उलटी करवू नये, कारण वर येताना ते पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते. बाटलीसह थेट रुग्णालय गाठावे.

तेल बदलणे, गाळणी साफ करणे, वरच्या बाजूची सैल वायर जोडणे ही कामे घरी होऊ शकतात. गिअरबॉक्स उतरवण्यासाठी जागा, स्टँड, योग्य जॅक आणि सोबत दुसरा माणूस यांपैकी एक जरी नसेल, तर गॅरेजचे बिल भरावे. अतिदक्षता विभागातले चार दिवस त्याहून फार महाग पडतात, आणि त्या दिवसांत गाडीही उभीच राहते.