आपल्याच माणसांवरचा प्रबंध

पहिलं महायुद्ध चालू असतानाची इंदूरमधली एक दिवाळी. शहराने प्लेगचा धसका घेतलेला, बोळाबोळांत कचऱ्याचे ढीग. होळकर दरबाराने नगररचनेचा अहवाल करायला एका पांढऱ्या दाढीच्या स्कॉटिश गृहस्थांना बोलावलं होतं. हा म्हातारा साहेब नकाशे हातात घेऊन रिकामटेकड्यासारखा गल्ल्यांतून हिंडायचा. तो जातो तिथे प्लेग येतो, अशी कुजबुजही लोकांत होती म्हणे. साहेबांनी दरबाराकडून एका दिवसाचं महाराजपद मागून घेतलं आणि दवंडी पिटवली: यंदाची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, ज्या आळीतली जास्तीत जास्त घरं साफसूफ दिसतील त्या आळीतून जाईल. मग काय, सगळं इंदूर झाडू घेऊन उठलं! मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा होता, आणि शेवटी त्याचं दहन झालं.

या साहेबांचं नाव पॅट्रिक गेडिस. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग उघडला, तेव्हा पहिले प्राध्यापक म्हणून तेच आले. भारतातल्या विद्यापीठीय समाजशास्त्राची सुरुवात इथून धरतात.

त्याआधी मुंबई विद्यापीठाचा मुख्य उद्योग परीक्षा घेण्याचा. १८५७ पासून शिकवायचं ते कॉलेजांनी, विद्यापीठाने पेपर काढायचे आणि पदव्या वाटायच्या. विद्यापीठाने स्वतः पदव्युत्तर शिकवायला घेतलं, त्यात अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र हे अगदी आरंभीचे विषय. दोन्ही एकाच छपराखाली होते. अर्थशास्त्राच्या बाजूला के. टी. शहा आणि सी. एन. वकील होते. समाजशास्त्राची खुर्ची मात्र अशा माणसाकडे गेली, जो शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ होता, टी. एच. हक्सलींच्या हाताखाली शिकलेला होता आणि पुढे शहरांच्या नादी लागला होता. गेडिस १९१४ मध्ये भारतात आले, तेव्हा त्यांचं शहरांविषयीचं प्रदर्शन दुसऱ्या बोटीने मागून येत होतं. ती बोट जर्मनांच्या ‘एम्डेन’ने बुडवली. वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे आणि चित्रं समुद्राच्या तळाशी गेली. या माणसाने मित्रांकडून नवं साहित्य मागवलं आणि नवं प्रदर्शन मांडलं.

गेडिस यांची शिकवण्याची रीत साधी होती: आधी चाला, मग बोला. जागा, काम आणि माणसं या तीन गोष्टी एकमेकांत कशा गुंतल्या आहेत ते पाहा, असं त्यांचं सांगणं. कागदाला घड्या घालून चौकटी पाडायच्या आणि त्यांत विचार मांडायचे, ही त्यांची सवय. विद्यार्थ्यांना ते फारसं कळत नसावं असा मला संशय आहे, कारण त्यांची पुस्तकं वाचताना आजही तीच दमछाक होते. शिवाय मुंबईत असतानाच जेरुसलेमच्या आराखड्यांसारखी कामंही त्यांच्यामागे होती. १९२४ मध्ये ते मुंबई सोडून गेले. पण जाण्याआधी त्यांनी एक निवड करून ठेवली होती, आणि विभागाचा पुढचा सगळा इतिहास त्या निवडीचा आहे.

मालवणात १८९३ साली जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये संस्कृतचे. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवायचे. त्यांनी नागरी केंद्र म्हणून मुंबईवर लिहिलेला निबंध गेडिस यांना पसंत पडला आणि घुर्यांना विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली. लंडनमध्ये ते फार रमले नाहीत. केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले आणि प्रबंध ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरा झाला. १९२४ मध्ये घुर्ये विभागाचे प्रमुख झाले ते १९५९ पर्यंत. पस्तीस वर्षं! मुंबईचं समाजशास्त्र म्हणजे घुर्ये, असं समीकरण झालं ते काही उगाच नाही.

गेडिस यांचं समाजशास्त्र पायाचं होतं, घुर्यांचं पोथीचं. वेद, धर्मसूत्रं, महाकाव्यं, शिलालेख, गॅझेटियर आणि जनगणनेचे अहवाल अशा सामग्रीवर त्यांनी १९३२ मध्ये जातीवरचा ग्रंथ सिद्ध केला. समाजाचे तुकडे, उच्चनीचतेची उतरंड, खाण्यापिण्याचे निर्बंध, काहींना हक्क तर काहींना मज्जाव, धंद्याचं बंधन आणि लग्नाचं बंधन, ही त्यांनी सांगितलेली जातीची सहा लक्षणं आजही अभ्यासक्रमात आहेत. नाकाच्या मापावरून जातीचा दर्जा सांगणाऱ्या रिस्ले साहेबांचा सिद्धान्त फार तर उत्तर हिंदुस्थानात लागू पडेल, बाकी देशात नाही, हेही त्यांनी आकडे मांडून दाखवलं.

पण समाजाकडे बघायला महाराष्ट्र या विभागासाठी थांबलेला नव्हता. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जातीच्या इतिहासावरचा ग्रंथ १९०९ चा. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा, तोही मराठीत. बलुतेदार, वतनदार आणि कुळं यांचं असं रोखठोक वर्णन विद्यापीठातून पुढेही क्वचितच आलं. आणि विभाग उघडला त्याच वर्षी, त्याच मुंबईत, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते भीमराव आंबेडकर. जातीच्या बाहेर लग्न न करणं हाच जातीचा गाभा, हा त्यांचा निबंध १९१६ मध्ये कोलंबियात वाचून झालेला होता, १९१७ मध्ये छापूनही आला होता. एकाच शहरात जातीवर दोन शाळा भरत होत्या. एकीत जातीची लक्षणं मोजली जात होती, दुसरीत जात मोडायची कशी याचा विचार चालला होता. विद्यापीठाच्या शाळेने दुसरीकडे फारसं पाहिलं नाही, हे तिचं वैगुण्य मला तरी मोठं वाटतं. अपवाद होते. जी. आर. प्रधान यांचं मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांवरचं पुस्तक १९३८ मध्ये आलं.

आदिवासींच्या बाबतीत घुर्यांची पोथी जास्तच जड झाली. व्हेरिअर एल्विन यांच्याशी वाद घालताना १९४३ मध्ये त्यांनी आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू असं लिहिलं. एल्विन यांच्या विचारात जंगलातल्या माणसांना जपून ठेवण्याचा भाबडेपणा होता, हे खरं. पण घुर्यांचं उत्तरही त्या माणसांना न विचारता दिलेलं होतं.

तरीही या विभागाने जे केलं ते दुसरीकडे त्या प्रमाणात झालं नाही. त्या काळी एम. ए. सुद्धा प्रबंध लिहून मिळत असे. घुर्ये विद्यार्थ्याला विषय द्यायचे, आणि तो पुष्कळदा त्याच्या घराजवळचाच असायचा. इरावती कर्व्यांनी १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. माहेर करमरकर, सासर महर्षी कर्व्यांचं, म्हणजे विषय दोन्हीकडून घरातलाच. म्हैसूरच्या एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसुरातल्या विवाह आणि कुटुंबावर लिहिलं, मग शेजारच्या कुर्गवर. विलास संगवे यांनी जैन समाजावर लिहिलं. आय. पी. देसाई यांच्यासारखे पुढे गुजरातेतली कुटुंबं अभ्यासणारे लोकही याच मुशीतले. ऐंशीच्या आसपास प्रबंध घुर्यांच्या हाताखाली झाले असं सांगतात.

याला कोणी सोय म्हणेल. भाषा येते, ओळखीपाळखी असतात, एसटीच्या भाड्यात क्षेत्र गाठता येतं. पण त्याचा एक परिणाम झाला. बाहेरून आलेल्या साहेबाने टिपलेला हिंदुस्थान मागे पडून माणसं आपल्याच आजीला, आपल्याच भावकीला प्रश्न विचारू लागली. त्यात आंधळेपणाही आला, कारण स्वतःच्या घरातल्या काही गोष्टी दिसतच नाहीत.

श्रीनिवास यांचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. कुर्गची सामग्री त्यांनी मुंबईचे विद्यार्थी असताना गोळा केली. तीच घेऊन ते ऑक्सफर्डला गेले, रॅडक्लिफ-ब्राउन आणि इव्हान्स-प्रिचर्ड यांच्याकडे ती नव्याने मांडली, आणि १९५२ च्या पुस्तकातून ‘संस्कृतीकरण’ (वरच्या जातींच्या चालीरीती उचलून वर सरकू पाहणं) हा शब्द देशभर गेला. पुढे घुर्ये निवृत्त झाले त्याच १९५९ साली श्रीनिवास यांनी दिल्ली विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला. मान तिकडे गेला. गुरुशिष्यांत फार गोडी उरली नव्हती. श्रीनिवास यांच्या लेखी घुर्ये खुर्चीत बसून समाज पाहणारे ठरले. मला हा निवाडा अर्धाच पटतो, कारण खुर्चीतल्या माणसाने ज्यांना बाहेर धाडलं, त्यांत निवाडा देणारेही होते.

घुर्यांच्या पदरी एक गुण मात्र होता. पुराणग्रंथांत रमणाऱ्या या माणसाने अक्षयकुमार रमणलाल देसाई या पक्क्या मार्क्सवाद्याला पीएच. डी. करू दिली. भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक मुळांवरचा तो प्रबंध १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि अजूनही विकला जातो. १९५१ मध्ये देसाई याच विभागात शिकवायला लागले, १९६९ मध्ये प्रमुख झाले. त्यांच्या हातून शेतकऱ्यांचे लढे आणि झोपडपट्ट्या अभ्यासाच्या टेबलावर आल्या. नीरा देसाई यांनी ब्रिटिश राजवटीचा स्त्रियांच्या स्थितीवर काय परिणाम झाला, यावर इथेच प्रबंध लिहिला. पुढे एसएनडीटीत स्त्रीअभ्यासाचं केंद्र उभं केलं तेही त्यांनीच. भारतीय समाजशास्त्र परिषदही मुंबईतच, १९५१ च्या अखेरीस, घुर्यांच्या पुढाकाराने जन्मली. विभाग नंतर फोर्टातून कालिन्याला गेला.

प्रबंधांची भाषा इंग्रजी होती. ज्यांचे कुलवृत्तान्त मराठीत छापले जात, त्या चित्पावनांवरचा प्रबंधही इंग्रजीत. इरावतीबाईंनी मात्र ‘मराठी लोकांची संस्कृती’ आणि ‘युगान्त’ मराठीत लिहून ही उधारी बरीच फेडली. बाकीच्यांची खाती उघडीच राहिली.

घुर्यांनी उतारवयात एक गाव उघडून पाहिलं. पुणे-नगर रस्त्यावरच्या लोणीकंदची पाहणी कंपनी सरकारचे डॉक्टर थॉमस कोट्स यांनी पेशवाई बुडाल्याबरोबर, १८१९ च्या सुमारास केली होती: किती घरं, काय खातात, काय नेसतात, डोक्यावर कर्ज किती. तेच गाव सव्वाशे वर्षांनी कसं आहे, यावरचं घुर्यांचं पुस्तक १९६० मध्ये आलं. आज तो पट्टा गोदामांचा आणि ट्रकांच्या रांगांचा. लोणीकंदवर पहिलं टिपण साहेबाने केलं, दुसरं मालवणच्या संस्कृत पंडिताने, दोन्ही इंग्रजीत. तिसऱ्याची जागा अजून रिकामी आहे, आणि गावातल्या मुली आता एसटीने पुण्याला एम. ए. करायला जातात.