अभ्यंगाचे तेल आणि काचेची कुपी

नरकचतुर्दशीची पहाट. इचलकरंजीतील मागांची खडखड सणापुरती थांबलेली असते. पाटाभोवती रांगोळी असते, शेजारी उटण्याची वाटी आणि कोमट सुगंधी तेल. कारीट फोडून अभ्यंगाला बसावे, ही पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. पण हे तेल ज्यात जपले गेले, त्या पात्राकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आमचेही गेले नव्हते. दिवाळीच्या झाडलोटीत आजीची निळी कुपी हाती आली आणि ती आम्ही मोडीच्या टोपलीत टाकली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती उचलून नाकाशी नेली. तेल केव्हाच सरले होते, वास मात्र राहिला होता!

या कुपीचे कूळ फार प्राचीन आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये सुगंधी तेलांसाठी काचेच्या कुप्या घडवीत. काच फुंकण्याची कला तेव्हा अवगत नव्हती. धातूच्या सळईवर माती व शेण यांचा गाभा थापावयाचा, त्यावर वितळलेली काच चढवावयाची, मग पिवळ्या, पांढऱ्या, आकाशी काचेचे धागे गुंडाळून ते तापलेले असतानाच अणकुचीदार हत्याराने वर-खाली ओढावयाचे. त्यातून पिसांसारखी नागमोडी नक्षी उमटे. कुपी थंड झाल्यावर आतील गाभा खरवडून काढीत. धागा आणि फणी यांवर जगणाऱ्या आपल्या गावाला ही धाग्यांची कारागिरी परकी वाटू नये. काच तेल शोषत नाही आणि अरुंद तोंडातून सुवास उडत नाही, हा त्यातील व्यवहार. पुढे इसवी सनपूर्व पहिल्या शतकात पूर्व भूमध्य किनाऱ्यावर काच फुंकण्याची युक्ती साधली आणि श्रीमंतांची कुपी सामान्यांच्या घरी आली.

या व्यापाराशी आपल्या भूमीचाही संबंध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक दर्यावर्दीच्या प्रवासवृत्तात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात कच्ची काच व थोडे सुगंधी तेल नोंदले आहे. भारतातून जटामांसी बाहेर जाई. भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्यापुढे १० दिवसांवर, असेही तो सांगतो.

आणि कोल्हापूर? इचलकरंजीजवळून वाहणाऱ्या पंचगंगेच्याच काठी तेथे ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. त्याच टेकडीने दिलेली समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयाचे भूषण ठरली. बहामनीकालीन थरांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या निघाल्या. डॉ. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहिला. तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

वाचकहो, ब्रह्मपुरीची माती कोणी जपून चाळली नसती, तर हे सारे राडारोड्यात गेले असते. घराचा पाया खणताना, शेत नांगरताना एखादा रंगीत तुकडा दिसला, तर तो फेकू नये, संग्रहालयाला कळवावे. आणि फडताळातील जुनी कुपी मोडीत घालण्यापूर्वी एकदा हुंगून पाहावी. आमची कुपी आता देवघराजवळ आहे. यंदाचे अभ्यंगाचे तेल आम्ही तिच्यातच भरले आहे.