फितुरीने पडलेला कॉर्फचा किल्ला

रविवारी आई-बाबा आणि पोरांना घेऊन इंग्लंडच्या डॉर्सेटमधला कॉर्फ किल्ला पाहिला. टेकडीवरचा दगडी मनोरा १२व्या शतकाच्या सुरुवातीचा, पहिल्या हेन्री राजाच्या काळातला. चढ फार नाही, पण गुडघे दुखत असतील तर काठी घ्याच.

पडझड काळामुळे झाली असेल असं वाटतं ना? नाही! १६४३ साली राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात राजाच्या बाजूच्या लेडी मेरी बँक्सने मोजक्या माणसांनिशी हा किल्ला लढवला. पुढे १६४६ मध्ये आतल्याच एका अधिकाऱ्याने संसदेच्या सैनिकांना मदतीची कुमक म्हणून आत घेतलं. फितुरी! बाबा म्हणाले, "म्हणजे इथेही तेच." नंतर संसदेच्या हुकमावरून सुरुंग लावून किल्ला उडवला. दरवाज्याचा एक बुरूज अख्खाच्या अख्खा खाली घसरलाय, तो नक्की बघा. उरलेले दगड गावकऱ्यांनी घरांना वापरले, त्यामुळे खालचं गावही किल्ल्याच्याच रंगाचं!

पोरांना मात्र सगळ्यात आवडली ती वरून दिसणारी स्वॉनेजची वाफेची आगगाडी. जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि डबा घरूनच न्या.