मेंदूतले राखणदार

चांदीपुरा हे नाव २०२४ च्या जुलैत आपल्या धार-देवासकडच्या मराठी घरांतही चिंतेने घेतले जाऊ लागले. शेजारच्या गुजरातेत लहान मुले ताप आणि झटके येऊन दगावत होती. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराच्या लक्षणांचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले ८२ दगावले. ६४ जणांत चांदीपुरा विषाणू सापडला. नाव मात्र नागपूरकडच्या गावाचे! १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू प्रथम मिळाला.

वालुमाशी चावली की तो अंगात शिरतो. पण मेंदूचे नुकसान एकटा विषाणूच करतो असे नाही. मेंदूत मज्जापेशींच्या जोडीला त्यांना सांभाळणाऱ्या पेशीही असतात. १८५६ मध्ये जर्मन डॉक्टर फिरशो यांनी त्यांना ‘ग्लिया’, म्हणजे डिंक, असे नाव दिले. त्यांतल्या मायक्रोग्लिया पहारा करतात, तर ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ॲस्ट्रोसाइट मज्जापेशींचे पोषण पाहतात. शत्रू आत आला की पहारेकरी चवताळतात, रसायने सोडतात. हाच दाह. तो आवरला नाही तर घरच्यांनाच मार बसतो. चांदीपुराच्या संसर्गात मायक्रोग्लिया चवताळल्याने मज्जापेशी मरतात, हे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१६ मध्ये उंदरांवर दाखवले.

वर्गात हा भाग शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, “सर, मग दाह थांबवणारे औषध उंदराला लागू पडले, तर माणसाला का देत नाहीत?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की आपले राखणदार उंदराच्या राखणदारांसारखे वागतातच असे नाही. माणसाची ॲस्ट्रोसाइट उंदराच्यापेक्षा अडीचपटींहून रुंद आणि तिला फांद्या दसपट. २०२१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दोन्ही पेशी शेजारी ठेवून तपासल्या. दाह झाल्यावर माणसाच्या पेशी प्रतिकारयंत्रणेला शत्रूची ओळख पटवून देण्याच्या तयारीला लागल्या. उंदराच्या लागल्या नाहीत. उलट प्राणवायू कमी पडताच उंदराच्या पेशींनी दुरुस्तीची तयारी केली, माणसाच्या पेशींनी केली नाही.

तेव्हा ‘उंदरांवर प्रयोग यशस्वी’ अशी बातमी वाचली की ती पहिली पायरी समजावी. उंदरांवाचून ही पायरीही चढता आली नसती, हेही खरे.

चांदीपुरावर आजही लस नाही, खास औषधही नाही. पावसाळ्यापूर्वी मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात, कारण वालुमाशी तिथेच दडते. मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवावे. आणि तापात मूल ग्लानीत गेले किंवा झटका आला, तर झाडफुंक करण्यात वा सकाळची वाट पाहण्यात वेळ न दवडता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. २००३ मध्ये आंध्रात याच आजाराच्या साथीत ३२९ मुलांपैकी १८३ गेली. बरीचशी दवाखान्यात पोचल्यावर एका दिवसाच्या आत.